ओढीच्या चालीवर मरियामाता

"टोप्या काढा. सगळ्यांनी टोप्या काढा," असं पाद्रीबाबा भर खाडीत, होडीत उभे राहून ओरडत होते, आणि होडी अशी डुलत होती की ज्याच्या डोक्यावर टोपी नव्हती त्यानंही भीतीनं डोकं धरलं.

रेवदंड्याहून आमच्या काठाला येणारी ती उतारूंची होडी. आत पाद्रीबाबा, रेवदंड्याचा एक गुजराती गूळतेलाचा व्यापारी, वल्ह्यावर तांडेल आणि मांडीवर रबेक घेऊन बसलेला मी. रबेक म्हणजे व्हायोलिन. फिरंग्यांच्या काळापासून आमच्यात हाच शब्द. एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट; माझं वय वीस-बावीस, आणि अंगात मस्ती एवढी की वल्हं नसतं तरी होडी मी नुसत्या बोलण्यावर पलीकडे नेली असती.

पाद्रीबाबा गोव्याहून नुकतेच आमच्या गावी नेमले गेले होते. आदल्या रविवारी देवळात, खास त्यांच्या स्वागताला म्हटलेलं, आमचं थोरलं गीत त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, तुम्ही काहीही म्हणा. तर तीच चाल आता किनाऱ्यावरून पाण्यावर तरंगत येत होती. पन्नास गळे तरी असतील. त्यांच्या पुढं एक आवाज असा की अलिबागच्या कुत्र्यांनी कान टवकारावेत.

"ऐकताय ना?" पाद्रीबाबांचे डोळे भरून आले होते. "मरियामातेचं स्तवन. हे लोक श्रमतानासुद्धा प्रार्थना विसरत नाहीत."

"महाराज, पवन बहु छे," व्यापारी पगडी दाबून म्हणाला. "उडी जाशे."

पाद्रीबाबांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पगडी काढून मांडीवर घेतली आणि तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

पुढं काय येणार ते मला ठाऊक होतं. मी मनातल्या मनात वाऱ्याला विनवलं, बाबा रे, जरा पलीकडे वाहा. पण वाऱ्यानं काही बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. त्यानं शब्द उचलले आणि थेट आमच्या होडीत आणून टाकले:

शिपाईदादाचं पोट सुटलं, ओढा गं बायांनो, ओढा
सासूच्या तोंडाला टाळं घातलं, ओढा गं बायांनो, ओढा

हे सगळं आमच्या घरच्या बोलीत. आमची बोली म्हणजे फिरंग्यांचीच भाषा, चारशे वर्षं खाऱ्या पाण्यात धुतलेली. पाद्रीबाबांची पोर्तुगीज इस्त्रीची. तरी शब्द न् शब्द त्यांना कळला. ते हळूच खाली बसले. व्यापाऱ्यानं पगडी डोक्यावर चढवली. तांडेल समुद्राकडे तोंड करून खोकत राहिला, आणि तो खोकला काठ लागेपर्यंत थांबला नाही.

आता ही काय भानगड, ते सांगतो. आमच्याकडं होड्या पुळणीवर ओढायच्या त्या एका ठरलेल्या चालीवर. चालीत एक जागा अशी येते की तिथं सगळ्यांनी एका दमात मागं रेलायचं आणि दोरी खेचायची. पुरुष दोरीला, बायाही दोरीला. पुढं राहून गाणारी मात्र एकच, आणि तिला तोंडाला येईल ते रचायची मुभा. जकातनाक्यावरचा शिपाई, कुणाची सासू, कुणाचा जावई, कुणाचीही गय नाही. आणि देवळातलं आमचं थोरलं गीत, फेस्ताच्या, म्हणजे मरियामातेच्या सणाच्या, दिवशी मूर्तीपुढं म्हणायचं, तेही त्याच चालीवर. शब्द तेवढे पवित्र. मरिये माते, दर्याच्या राणी, आमची होडी काठाला लाव, असे.

दोन्हीकडं पुढं राहून गाणारी एकच बाई होती. माझ्या आईची थोरली बहीण. आम्ही तिला तीया म्हणायचो, म्हणजे मावशी. माझी आई मला जन्म देऊन गेली, तेव्हापासून मी तिच्याच चुलीशी वाढलो. ती इतकी उंच होती की माडाच्या झावळ्या बाजूला सारून चालायची, आणि आवाजाबद्दल तर सांगायलाच नको. एकदा तिनं मला जेवायला हाक मारली तेव्हा थळच्या वाटेवरचा एक अनोळखी माणूस हात धुऊन आमच्या पाटावर येऊन बसला होता. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. त्यानं भात दोनदा मागून घेतला.

पुढल्या रविवारी मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, संपल्यावर पाद्रीबाबांनी सगळ्यांना देवळाच्या पायऱ्यांवर बसवलं. ते मराठी पुस्तकातून शिकले होते, त्यामुळं रागावले तरी कीर्तनकारासारखे बोलत.

"ज्या चालीवर शिपायाच्या उदराची थट्टा होते," ते म्हणाले, "ती चाल वेदीसमोर शोभत नाही."

"उदर पन देवानंच दिलं ना त्याला," तीया मागून म्हणाली.

आमचा ढोलवाला, गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस, काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो म्हणाला, "पाद्रीबाबा, चाल मुळात देवळाची हाय. माझ्या आज्यानं सांगितलंय. फिरंग्यांचं जहाज आलं तवा त्याच्यावर एक साधू होता, त्यानं आणली. किनाऱ्यावरची पोरं मागनं चोरून घेऊन गेली."

"खोटं," तीया म्हणाली. "चाल दर्याची. साधू आला तवा आपले बाप होड्याच वढीत होते. गात न्हवते तर काय मुक्यानं वढीत होते?"

झालं. पायऱ्यांवर दोन तट पडले. ढोलवाल्याच्या बाजूला म्हातारे, तीयाच्या बाजूला बाया. चाल देवळातून पुळणीवर गेली की पुळणीवरून देवळात आली, यावर गावात जी भांडणं लागली ती सांगता सोय नाही. दोन सख्खे भाऊ वेगळ्या विहिरींचं पाणी पिऊ लागले. एका घरात नवरा देवळाचा आणि बायको दर्याची, त्यांच्या कोंबडीनं म्हणे मधल्या उंबऱ्यावर अंडं घातलं.

पाद्रीबाबांनी हात वर केला. "चाल कुठून आली हा प्रश्नच नाही. गेल्या रविवारी मी वेदीवरून पाहत होतो. गीताची ती जागा आली की सारं देऊळ मागं रेलतं. सगळे. वयोवृद्ध माणसंसुद्धा. तुम्ही प्रार्थना करीत नाही, होडी ओढता आहात."

हे मात्र खरं होतं. त्या ओढीपायी आमचे बाक दर फेस्ताला हातभर मागं सरकायचे. वर्षभर कुणी पुढं ढकलले नसते तर एक दिवस शेवटचा बाक बाहेर विहिरीच्या काठाला लागला असता.

मग त्यांनी नवे नियम सांगितले. फेस्ताला लॅटिन गीत, पेटीवर, संथ. ढोल नाही. गाणार पुरुषांचा संच, आणि बायकांनी आपापल्या जागी बसून म्हणायचं, पुढं उभं राहायचं नाही. हे काही आपल्या मनचं नाही, वरूनच तसं सांगणं आहे, असंही ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी तीयाकडं पाहिलं नाही.

मला पाद्रीबाबांबद्दल वाकडं लिहायचं असतं तर इथं चांगली संधी होती. पण मी त्या माणसाचा इतका ऋणी आहे की लेखणी वाकडी चालतच नाही. त्या नव्या संचात त्यांनी मला घेतलं. तोवर मी रबेक वाजवायचो म्हणजे मांजराचं शेपूट दारात अडकवायचो, एवढंच. त्यांनी त्यांच्या ओसरीवर मला स्वर वाचायला शिकवलं. तार तुटली की गोव्याहून मागवून द्यायचे. चूक झाली तर रागवायचे नाहीत. डोळे मिटून घ्यायचे, आणि ते मिटलेले डोळे छडीपेक्षा जास्त लागायचे. गुळाची काळी कॉफी प्यायला द्यायचे, ती इतकी कडक की चमचा उभा राहायचा, मीही उभाच राहायचो.

आणि ते लॅटिन गीत. आमच्या संचातले सगळे दोरी ओढणारे. त्यांना तीन वेगळ्या सुरांत गायला शिकवायचं म्हणजे तीन रेड्यांना एका छत्रीखाली चालवायचं. पण एका दुपारी, कसं कोण जाणे, ते तिन्ही सूर एकत्र बसले. देवळाच्या छपरात पारवे होते, तेही गप्प झाले. मी रबेक वाजवायचा थांबलो आणि ऐकत राहिलो. असं काही माणसाच्या गळ्यातून निघतं हे मला ठाऊकच नव्हतं. पुढं मुंबईत लग्नात, मयतात, साहेबांच्या जेवणावळीत वाजवून मी पोट भरलं, पोरं वाढवली. त्या सगळ्याची सुरुवात ती दुपार. हे मी कुणाहीपुढं म्हणेन. तीयापुढं मात्र तेव्हा म्हणालो नाही.

ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. मी जाऊन बाजूला बसलो. तीया रागावली की बडबडायची, ते मला सवयीचं. त्या दिवशी ती बोललीच नाही, तेव्हा मीच म्हणालो, "तीये, लॅटिन गीत पण चांगलं आहे गं."

"चांगलं हाय. ऐकलं मी."

"कुठून?"

"विहिरीवरनं. पानी भरीत होते." एक बोंबील उलटा करून ती म्हणाली, "बाबू, वाईट हाय म्हणून रडत न्हाय मी. माझं कसं हाय, बघ. नवरा न्हाय, पोर न्हाय. बाजारात गेले की लोक नाक धरतात. देवळात मागल्या दाराशी जागा. वर्षातनं येकदाच मी पुढं, आनि सगळा गाव माझ्या मागं. गावचा खोत पन. आता तो दिस गेला की मी निस्ती मोठ्या आवाजाची म्हावरंवाली."

मी म्हणालो, "मी पाद्रीबाबांशी बोलतो."

"न्हाय बोलायचं," ती म्हणाली. "तो मानूस तुला शिकवतोय. तू शीक."

त्या वाक्याचा मी जन्मभर उतराई झालो नाही. पाद्रीबाबांनी मला सूर दिले हे खरंच, पण ते घ्यायची मोकळीक हिनं दिली, आणि तीही स्वतःचा दिवस जात असताना.

फेस्ताचा दिवस उजाडला. आमची रीत अशी, की मिस्सा झाली की मरियामातेची मूर्ती लाकडी अंदोरावर ठेवून, म्हणजे खांद्यावर वाहायच्या चौकटीवर, पुळणीवर न्यायची आणि नव्या हंगामासाठी होड्यांवर आशीर्वाद मागायचा. एरवी हे सगळं उन्हं कलल्यावर, जेवून-झोपून व्हायचं. पाद्रीबाबांनी त्या वर्षी ते सकाळीच ठेवलं, म्हणजे लोक ताडी न पिता येतील. विचार उत्तम होता. त्याला विरोध करायला कुणाला तोंडच नव्हतं.

सगळ्यांत पुढं अंदोर. खांदा द्यायला गावातले दांडगे गडी, आणि पाद्रीबाबा स्वतःही. भारी झगा अंगावर, तरी पुढच्या दांड्याला खांदा लावला त्यांनी; मानाचं कारण सांगून मागं राहणारा माणूस नव्हता तो. त्यांच्या बाजूनं आमचा संच. पेटी दोन बांबूंवर बांधून दोघांनी उचललेली, आणि पेटीवाला तिच्याबरोबर पळत पळत वाजवतोय. मागं सगळा गाव. अगदी मागं बाया, आणि बायांच्याही मागं तीया.

देवळापासून केवड्याच्या बनापर्यंत आम्ही छान गेलो. लॅटिन गीत सकाळच्या हवेत असं चाललं होतं की बोर्लीकडून सोयरिकीला आलेले पाहुणेही नीट उभे राहून ऐकत होते. मग वाळूचा चढ आला.

त्या चढावर पाय घोट्यापर्यंत रुततो. अंदोर शिसवी, आणि मूर्ती काही कागदाची नव्हती. आमचे गडी तो चढ जन्मभर एकाच चालीवर चढले होते. ती जागा आली की सगळ्यांचा पाय एकदम पडायचा. आता गीत संथ, ठेका नाही. एकाचा पाय वर, दुसऱ्याचा रुतलेला, तिसरा श्वास घेतोय. अंदोर डावीकडं कलला. मग उजवीकडं. मरियामातेचा मुकुट वाकडा झाला आणि चेहरा, मी शपथेवर सांगतो, चिंतातुर. आम्ही जोरात गाऊ लागलो. जोरानं काय होणार? संच वर, अंदोर तिथंच. उलट एक पाऊल मागं आला. पेटी धरलेला एक जण गुडघ्यावर बसला आणि पेटीतून म्हशीसारखा आवाज आला.

पाद्रीबाबांचा चेहरा लालबुंद झालेला, झग्यातून घाम टपकतोय. त्यांनी मान वळवली. त्यांची नजर माझ्यावरून, संचावरून, सगळ्या गावावरून मागं गेली. ते शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं पण शांतपणे म्हणाले, "बाई, म्हणा तुमचं."

मग मागून तो आवाज उठला. मरिये माते, दर्याच्या राणी. पवित्र शब्द हो, शिपायाचं पोट नव्हतं त्यात. मी रबेक उचलला आणि तिच्यामागं लागलो. ढोलवाला ढोल घरी ठेवून आला होता, त्यानं काठीनं बाजूच्या होडीच्या फळीवर ठेका धरला. ती जागा आली आणि सगळ्यांचे पाय एकदम पडले. अंदोर हलला. पुन्हा जागा आली, पुन्हा हलला. चढ आम्ही असा चढलो की खालची वाळू अजून तिथं दबलेली आहे म्हणतात.

चढ संपला, उतार लागला, आणि इथंच घोळ झाला. आमच्या लोकांना ही चाल होडी ओढायची सवय. पावसाळ्याआधी वर, हंगामात खाली. आणि होडी खाली नेताना गाणं केव्हा थांबतं? होडी पाण्यावर तरंगली की. फेस्ताला ते थांबवायची तीया. ती पुढं असायची, पाण्याशी पोचली की वळून हात वर करायची. त्या दिवशी ती सगळ्यांच्या मागं. ती म्हणते, मागून पाणी दिसलंच नाही. तिची उंची मी तुम्हांला सांगितली आहे. यापेक्षा जास्त मी त्या विषयावर आजवर बोललो नाही आणि बोलणारही नाही.

सकाळची वेळ, भरती ऐन भरात. होड्यांपाशी थांबायचं ते कुणी थांबलंच नाही. गाणं चालू, पाय चालू. घोटे भिजले, गुडघे भिजले, पाद्रीबाबांचा झगा पाण्यावर छत्रीसारखा फुगला. ते काहीतरी सांगत होते, पण गळ्यांपुढं ऐकू कुणाला जाणार. पेटी सुटली आणि तरंगत निघाली; पेटीवाला तिच्यावर आडवा पडून अजूनही एक हात वाजवत होता. शेवटी पाणी कमरेच्या वर आलं, शिसवी असूनही अंदोर खांद्यावरून हलका झाला, लाटेवर उचलला गेला, आणि सगळ्या गड्यांनी एका दमात, जन्माच्या सवयीनं, होडी सुटल्यावर मारतात तशी आरोळी ठोकली.

मग गाणं थांबलं.

मरियामाता पाण्यावर उभी. मुकुट वाकडाच, पण आता चिंतातुर दिसत नव्हती. किनाऱ्यावर सगळा गाव. सगळ्यांना एकच धास्ती, आता या माणसानं ही चाल कायमची बंद केली तर त्याला नाव ठेवायला आपल्याला तोंड उरलेलं नाही.

अंदोर काठाला आणला. पाद्रीबाबा बाहेर आले, एका होडीच्या काठावर बसले आणि झगा पिळू लागले. झग्यातून एक कोळंबी पडली. ती त्यांनी उचलून पाण्यात परत टाकली. मी माझा रबेक उपडा करून आतलं पाणी काढत होतो, त्यामुळं मी अगदी जवळ होतो आणि पुढचं सगळं मी ऐकलं.

बायांमधून वाट काढत तीया आली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि समोर उभी राहिली. तिच्या आवाजाची मला ओळख होती, तरी तो इतका लहान होऊ शकतो हे मला त्या दिवशीच कळलं.

"पाद्रीबाबा," ती म्हणाली, "पुढल्या फेस्ताला कंचं गानं? आनि म्या कुठं ऱ्हायचं?"

पाद्रीबाबांनी झग्याचं दुसरं टोक हातात घेतलं, पिळलं, आणि वर न बघता म्हणाले, "देवळात लॅटिन. इथं तुमचंच. तुम्ही पुढं. आणि ओहोटी बघून."